कॅव्हेल की कॅव्हेलिया?

गाड्यांच्या सुट्या भागांच्या त्या दुकानात काकांनी काउंटरमागे एकतीस वर्षं काढली, आणि गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू पहिल्या फटक्यात उचलून दिली असं एकदाही झालं नाही. आधी प्रश्न विचारायचे, उत्तरं ऐकायची, मग शिडी लावायची. समोरच्या गॅरेजचा मिस्त्री त्यांना तोंडावर ‘प्रश्नपत्रिका’ म्हणायचा.

“काय प्रश्नपत्रिका, आज किती मार्कांचा पेपर?”

काका चष्म्याच्या वरून बघायचे. “तू आधी मागच्या पेपरचा निकाल लाव. परवा नेलेला पंप बसला का?”

“नाही बसला.”

“मग मी विचारत होतो तेव्हा ‘हो हो’ काय करत होतास?”

या प्रश्नांना कारण होतं. दुकानात माल असायचा तो एकाच घरच्या दोन कंपन्यांचा. थोरली हॅल्डन आणि धाकटी ऑर्विन. थोरली कामाची, धाकटी लाडाची आणि महाग. हॅल्डनच्या सगळ्यांत मोठ्या सेडानचं नाव कॅव्हेल आणि ऑर्विनच्या सेडानचं कॅव्हेलिया. दोन्ही लांबलचक, दोन्ही भारदस्त, दोन्ही काळ्या रंगात जास्त खपणाऱ्या. छत तेच, दारं तीच, काचा त्याच. फरक सगळा पोटात. कॅव्हेलियाचे ब्रेक मोठे, स्प्रिंगा मऊ, मागची सीट वेगळी. कॅव्हेलचे ब्रेक पॅड कॅव्हेलियात ठेवून बघितले तर बोटभर आखूड पडतात आणि तरीही हट्टाने बसवले तर बसतात, हीच खरी पंचाईत.

गाडीवरचं नाव वाचून माल द्यावा, तर तेही भरवशाचं नाही. गावातल्या निम्म्या कॅव्हेलवाल्यांनी कॅव्हेलियाचे मोनोग्राम लावून घेतले होते. बॉनेटवरचं चिन्ह, डिकीवरचं नाव, चाकांच्या चार टोप्या आणि स्टिअरिंगवरची टिकली, असा पूर्ण संच काउंटरच्या तिसऱ्या खणात डाव्या बाजूला ठेवलेला असायचा. मालापेक्षा तोच जास्त जायचा. लोक आधी इकडेतिकडे बघायचे, मग हळूच मागायचे, जशी काही चारचौघांत न सांगता येणाऱ्या दुखण्याची गोळी मागतायत.

उलटा प्रकार एकतीस वर्षांत एकदाच झाला. बारा वर्षांपूर्वी एक माणूस नवीकोरी कॅव्हेलिया घेऊन गल्लीत आला आणि त्याने कॅव्हेलचा संच मागितला. काकांनी दोनदा विचारलं, “उलटं तर नाही ना सांगत तुम्ही?” तो म्हणाला, “नाही, बरोबर सांगतोय.” मिस्त्रीने चिन्हं बदलून दिली आणि पुढचे कित्येक दिवस तो येईल त्याला ही गोष्ट सांगून हसत होता. त्या माणसाने कारणही सांगितलं होतं. पण काकांना माल आठवायचा, माणसं आठवायची नाहीत.

गेल्या वर्षी मालकांचे गुडघे गेले आणि दुकानात त्यांची सून बसायला लागली. हुशार मुलगी, आवाज न चढवता काम करून घेणारी. तिने काउंटरवर संगणक आणला. गाडीच्या पुढच्या काचेखाली कोपऱ्यात सतरा अक्षरांचा चेसिस नंबर असतो. तो टाकला की गाडी कोणती, कोणत्या महिन्यात बनली आणि तिला कोणता पॅड लागतो, सगळं पडद्यावर येतं. मेकॅनिक लोक नंबरचा फोटो काढून परस्पर सूनबाईंच्या मोबाइलवर पाठवू लागले. काकांना कुणी काही बोललं नाही. उलट सूनबाईंनी त्यांच्या खुर्चीला नवी गादी करून दिली. फक्त काउंटरवरचा जुना काळा फोन, जो दिवसातून चाळीसदा वाजायचा, तो गप्प झाला.

घरी तर आधीपासूनच सगळं गप्प होतं. दोन खोल्या, एक ओटा, खिडकीतून दिसणारी दुसऱ्या इमारतीची पाठ. बायकोला जाऊन सात वर्षं झाली होती. पहिलं वर्षभर ते कुलूप उघडून आत शिरताना सवयीने “आलो गं” म्हणायचे. मग तेही सुटलं. मुलगा परदेशात होता. तो रविवारी सकाळी न चुकता फोन करायचा. तब्येत, हवा, नातवाचे दात, की आठ मिनिटांत फोन संपायचा. मुलगा वाईट नव्हता. आठ मिनिटांच्या पुढे बोलायचं काय, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

असं चाललेलं असताना एका सोमवारी सकाळी बरोबर अकरा वाजता काळा फोन वाजला.

“अहो, ते गाडीचं सामान मिळतं ना, ते दुकान का?” बाईंचा आवाज होता. वयस्कर, पण ठणठणीत.

“हो ताई, बोला.”

“आमची हॅल्डन कॅव्हेल आहे. ब्रेक किरकिर करतात. आमच्या इथला मेकॅनिक म्हणतो पॅड आणून द्या, लावून देतो. गाडीच्या कप्प्यात तुमचं कार्ड सापडलं.”

काका खुर्चीत सरसावून बसले. पेन्सिल कानामागून हातात आली.

“ताई, कॅव्हेल आहे की कॅव्हेलिया?”

“कॅव्हेल. डिकीवर लिहिलंय की.”

“डिकीवर काहीही लिहिलेलं असतं. समोर घड्याळ आहे ना गाडीत, ते काट्यांचं आहे का आकड्यांचं?”

“थांबा हं, आता गाडी खाली आहे आणि मी वर आहे. बघून उद्या सांगते.”

खरं तर काकांनी त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, ताई, खाली गेलात की काचेतला नंबर तेवढा लिहून आणा. ते शब्द जिभेवर आलेही होते. पण गेल्या कित्येक दिवसांत इतकं सरळ त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं.

“चालेल,” ते म्हणाले. “उद्या अकरा वाजता करा.”

मंगळवारी अकराला बाईंनी सांगितलं, “काट्यांचं आहे. पाच मिनिटं मागे आहे. आमचे हे होते तेव्हाही मागेच होतं. मी म्हणायची, दुरुस्त करून घ्या. ते म्हणायचे, पाच मिनिटं उशिरा पोचलो तर कुणी मरत नाही.” मग म्हणाल्या, “गेले ते मात्र वेळेच्या आधी.”

काट्यांचं घड्याळ कॅव्हेलियाला असतं. पण पहिल्या वर्षीच्या थोड्या कॅव्हेलनाही ते आलं होतं. काकांनी दुसरा प्रश्न दिला, पार्किंगचा ब्रेक हाताने ओढायचा की पायाने दाबायचा? बुधवारी उत्तर आलं, पायाने. हे तर कॅव्हेलियाचंच लक्षण. तिसरा प्रश्न होता डिकीचा. डिकी वर उचला आणि नावाच्या मागच्या बाजूला पत्र्याला भोकं आहेत का बघा. कॅव्हेलचं नाव चिकटवलेलं असतं. कॅव्हेलियाचं नाव मात्र खुंट्यांवर बसवलेलं.

गुरुवारी बाई म्हणाल्या, “दोन बारीक भोकं आहेत. काळ्या मेणासारखं काहीतरी भरलंय त्यात.”

काकांची पेन्सिल थांबली. ते मेण मिस्त्रीच्या हातचं होतं, बारा वर्षांपूर्वी कॅव्हेलियाचं नाव काढून भोकं बुजवलेलं. त्या माणसाचं कारणही त्याच क्षणी डोक्यात लख्ख उभं राहिलं. शब्द आले, आवाजही आला, चेहरा मात्र आला नाही. काउंटरला टेकून तो म्हणाला होता, “बायकोच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. तिला ताठ बसवत नाही. हिची मागची सीट बटणानं कलते, म्हणून हीच घेतली. पण तिला महागातली घेतली हे कळलं, तर उद्याच्या उद्या परत करायला लावेल. तिला आपली कॅव्हेलच वाटू दे.”

आता फक्त सांगायचं बाकी होतं. ताई, तुमची कॅव्हेलिया आहे, पॅड मोठे लागतील, मेकॅनिकला पाठवा. एवढं एक वाक्य बोललं की काम संपलं. आणि काम संपलं की अकरा वाजताचा फोनही संपला.

काका म्हणाले, “असं करा ताई, शिवण कुठल्या रंगाची आहे, सीटची?”

शिवणीच्या रंगाशी ब्रेकचा काडीचा संबंध नव्हता.

शुक्रवारी शिवण करड्या रंगाची निघाली. त्या दिवशी काकांनी दाराचा आवाज ऐकायला मागितला. बाईंनी खाली जाऊन गाडीपाशी मोबाइल धरला आणि दार लावलं. काकांनी डोळे मिटले. थप्प. जाड रजई जमिनीवर टाकावी तसा आवाज.

“ऐकू आलं?”

“पुन्हा एकदा लावा.”

थप्प.

“बाजूच्या बाई खिडकीतून बघतायत हो,” बाई हसत म्हणाल्या. “म्हणत असतील, हिचं डोकं फिरलं, सकाळी सकाळी गाडीची दारं आपटत बसलीय.”

त्या दिवशी फोन वीस मिनिटं चालला. बाई बोलत गेल्या. आधी त्या मागच्याच सीटवर बसायच्या, नवरा पुढे चालवायचा. सोसायटीतले लोक त्याला गमतीने ‘ड्रायव्हरसाहेब’ म्हणायचे. तो गेल्यावर आता त्या स्वतः चालवतात. “गंमत सांगू का भाऊ? मी मागे बसायची तेव्हा पाठ कधी दुखली नाही. आता पुढे बसते तर दुखते. वय झालं, दुसरं काय.”

“हं,” काका म्हणाले.

“मीच म्हटलं होतं त्यांना, साधीच घ्या. आणि मग जावेनं ती कॅव्हेलिया घेतली, तेव्हा मीच टोमणे मारायला लागले. घ्यायचीच होती तर तशी घ्यायची, असं मी नेहमी ऐकवायची. माणसाचं असं असतं बघा. ते नुसते हसायचे.”

काकांना आत्ताच सांगावं, असं वाटलं. पण त्यांनी म्हटलं, “उद्या बोलू ताई.”

शनिवारी अकराच्या सुमारास मिस्त्री काउंटरला रेलून उभा होता. फोन वाजला आणि काकांनी तो पहिल्याच घंटेला उचलला, तसा मिस्त्रीने मोठ्याने हाळी दिली, “आला, आला, प्रश्नपत्रिकेचा क्लास सुरू झाला! बाई, अभ्यास झाला का सांगा त्यांना!”

“अरे गप,” काका रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले. मग फोनमध्ये, “बोला ताई.”

बाई सांगत होत्या की परवा, सोमवारी, त्यांना टेकडीवरून खाली शहरात जायचंय. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि तिला आणायला-न्यायला कुणी नाही. मग म्हणाल्या, “आणि भाऊ, एक बरं झालं. किरकिर आपोआप थांबली. आता नुसतीच घरघर येते.”

तेवढ्यात मिस्त्रीने काउंटरवर बोटांनी शाळेची घंटा वाजवून दाखवली. काका एका हाताने त्याला हाकलत होते आणि मनात पुढचा प्रश्न शोधत होते. “मागच्या काचेला पडदा आहे का, तेवढं बघा,” त्यांनी घाईने सांगितलं, आणि फोन ठेवला.

मिस्त्री गेल्यावर सूनबाई संगणकावरची नजर न काढता म्हणाली, “काका, एक विचारू?”

“विचारा ना.”

“या बाई सोमवारपासून फोन करतायत. चेसिस नंबर का नाही मागितला त्यांच्याकडे?”

“वयस्कर आहेत. काचेतलं बारीक अक्षर दिसायचं नाही.”

“डिकीतली भोकं दिसली त्यांना.”

काकांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक आधीच होतं. सूनबाईंनी पुढे काही विचारलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

रविवारी सकाळी मुलाचा फोन येऊन गेला, आठ मिनिटांचा. काकांनी दूध तापत ठेवलं आणि खिडकीशी उभे राहिले. समोरच्या इमारतीच्या पाठीवर एकाच बाल्कनीत कपडे वाळत होते. वास आला तेव्हा दूध करपून पातेल्याच्या बुडाला लागलं होतं. पातेलं नळाखाली धरून ते चमच्याने खरवडायला लागले. पहिल्यांदा करपलेल्या थराची किरकिर झाली. तो थर निघाला तसा चमचा सरळ धातूवर घासायला लागला आणि आवाज बदलला. घरघर.

त्यांचा हात तिथेच थांबला.

ही गोष्ट दुकानात पहिल्या वर्षी शिकलेली. पॅड झिजत येतो तेव्हा किरकिरतो. ती सूचना असते. किरकिर थांबून घरघर सुरू झाली म्हणजे पॅड संपला, आता लोखंड लोखंडाला घासतंय. सपाटीवर गाडी कशीबशी थांबते. उतारावर ब्रेक तापतो, आणि मग पाय कितीही दाबला तरी गाडी ऐकत नाही. बाईंनी त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि त्यांनी विचारलं होतं, मागच्या काचेला पडदा आहे का.

बाईंचा फोन नंबर पहिल्याच दिवशी लिहून घेतलेला, पण तो दुकानातल्या वहीत होता. दुकान बंद. काकांनी शर्ट घातला, पातेलं तसंच मोरीत ठेवलं आणि मालकांच्या घरी चालत निघाले. वीस मिनिटांचा रस्ता त्यांना दुप्पट लांब वाटला. दार सूनबाईंनीच उघडलं.

“काका? बरे आहात ना? बसा, पाणी आणते.”

“पाणी नको. किल्ली पाहिजे दुकानाची.” त्यांनी श्वास घेतला. “त्या बाईंच्या गाडीचा चेसिस नंबर मी मुद्दाम मागितला नाही. गाडी कोणती ते मला गुरुवारीच कळलं होतं. फोन बंद होऊ नये म्हणून लांबवत राहिलो. आणि आता त्यांचे पॅड संपलेत, आणि उद्या त्या टेकडी उतरणार आहेत.”

सूनबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग आत जाऊन किल्ली आणि स्वतःच्या चपला घेऊन आली. “चला,” एवढंच म्हणाली.

शटर अर्धंच उघडून दोघं आत वाकून गेले. दिवा न लावताच काकांनी वही काढली आणि फोन फिरवला. घंटा बराच वेळ वाजत राहिली.

“कोण? भाऊ, तुम्ही? आज रविवार आणि...”

“ताई, आधी ऐका. गाडी जिथे आहे तिथेच राहू द्या. हलवू नका. किरकिर थांबली ते चांगलं नाही झालं, वाईट झालंय. पॅड संपलेत. टेकडी अजिबात उतरू नका.”

“अगंबाई.”

“चुकी माझी आहे. तुमची गाडी कॅव्हेल नाही, कॅव्हेलिया आहे. हे मला तीन दिवसांपूर्वी कळलंय. मी सांगितलं नाही.”

मग बाई म्हणाल्या, “कॅव्हेलिया कशी असेल? आमच्या ह्यांनी...”

मग काकांनी सगळं सांगितलं. संच, मेण, पाठीचं ऑपरेशन, कलणारी सीट. “तिला आपली कॅव्हेलच वाटू दे,” हे वाक्यही जसंच्या तसं. सांगताना त्यांचा आवाज दुकानात वाजत होता आणि शेजारी उभी असलेली सूनबाई उगीचच रॅकमधली खोकी सरळ करत होती.



“मी त्यांना इतकी वर्षं ऐकवलं हो,” बाई शेवटी म्हणाल्या. आणि त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी सकाळी मिस्त्री स्वतः दोन पॅडचे डबे घेऊन बाईंकडे गेला, चाकं उतरवली, पॅड बदलले आणि गाडी सावकाश चालवत गल्लीत आणली, पुन्हा एकदा नीट तपासायला. शेजारच्या सीटवर बाई होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात काठी. काका दुकानाच्या पायरीवर उभे राहिले.

“तुम्हीच का प्रश्नवाले?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“मला वाटलं होतं, जाडे असाल.”

गल्लीतलं कुणीतरी हसलं. काकाही जरासे हसले. मग बाई गाडीला टेकून म्हणाल्या, “रात्रभर राग आला होता तुमचा. आधी तुमचा, मग ह्यांचा, मग माझा स्वतःचा. आता एकाचाही येत नाही. बहिणीला सांगितलं, दुपारी येते.” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “त्या दिवशी ते कसे दिसत होते? काय घातलं होतं अंगात?”

काकांनी डोळे बारीक केले. तिसरा खण त्यांना दिसला. डावी बाजू, खुंटीवाला आणि चिकटवायचा, दोन वेगळे डबे. मेणाची डबी दिसली. काउंटरवर टेकलेला एक हात दिसला, बस्स.

“नाही आठवत, ताई.”

बाईंनी मान हलवली. जणू हेही त्यांना अपेक्षित होतं.

मिस्त्रीने काम संपवून हात पुसले. “बाई, खरे मोनोग्राम लावून देऊ का? संच आहे काकांकडे. कॅव्हेलिया दिसू दे ना मग कॅव्हेलियासारखी.”

“नको. त्यांनी लावलंय ते राहू दे.” मग एकदम काहीतरी आठवून त्यांनी काकांकडे वळून विचारलं, “का हो, खरी कॅव्हेलिया असली की मागची सीट कलतेच?”

“कलतेच.”

“जावेची कलत नाही. दरवेळी म्हणते, बिघडलीय.”

काकांनी आपला चेहरा अगदी सरळ ठेवला. मिस्त्रीला मात्र ते जमलं नाही. तो खोकल्याचं निमित्त करून गॅरेजमध्ये पळाला. बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“तुम्ही बसलाय कधी मागे?” त्यांनी विचारलं.

काकांनी आठवून पाहिलं. एकतीस वर्षं. हजारो पॅड, डिस्क, स्प्रिंगा, मोनोग्राम. दाराच्या आवाजावरून गाडी ओळखायची. पण यांतल्या एकाही गाडीत ते बसले नव्हते. बायको एकदा म्हणाली होती, तुमच्या त्या मोठ्या गाडीतून एक चक्कर मारायला मिळाली तर. ते म्हणाले होते, आपला संबंध सामानाशी. पुन्हा ती कधी म्हणाली नाही.

“नाही,” ते म्हणाले.

“बसा मग.”

काकांनी दार उघडलं आणि आत सरकले. सीट खोल, मऊ, थोडी खचलेली, एका बाजूला जास्त. ती बाईंची जुनी जागा, काका दुसऱ्या बाजूला बसले होते. त्यांनी हाताखालचं बटण दाबलं. सीट हळूच मागे कलली आणि समोर छत आणि पुढचा आरसा दिसायला लागला. बाहेर मिस्त्रीचा हातोडा वाजत होता. दार मिटलेलं असल्यामुळे तो फार लांबून आल्यासारखा वाटत होता. शेजारची जागा रिकामी होती. काका तिच्याकडे न बघता तसेच पडून राहिले, फार तर मिनिटभर.

बाहेर आल्यावर त्यांनी दार लावलं. थप्प.

बाई पुढच्या सीटवर बसल्या, पाठीशी एक उशी सरकवली. काच खाली केली.

“ब्रेक कसे लागतात ते कळवा,” काका म्हणाले. “उद्या फोन करा, अकरा वाजता.”

“आता कशाला तुमचा वेळ घेऊ, भाऊ? मिस्त्री म्हणाले, एकदम ठीक झालेत.” त्या हसल्या, मनापासून. “झालं ना तुमचं काम.”

गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. मागचे लाल दिवे लागले. ब्रेक न कुरकुरता लागले, काकांनी कान देऊन ऐकलं. मग दिवे विझले आणि गाडी वळली.

मंगळवारी अकराला फोन वाजला.

काकांनी दोन घंटा जाऊ दिल्या. सूनबाईंनी संगणकावरून मान वर केली. तिसऱ्या घंटेला त्यांनी रिसीव्हर उचलला. एक अनोळखी तरुण माणूस घाईत बोलत होता. कॅव्हेलचे पुढचे ब्रेक पॅड हवेत, आजच्या आज मिळतील का?

काकांनी कानामागची पेन्सिल काढली.

“गाडीच्या पुढच्या काचेखाली कोपऱ्यात सतरा अक्षरांचा नंबर आहे,” ते म्हणाले. “तो सांगा.”

त्याने सांगितला. काकांनी लिहून घेतला, सूनबाईंकडे सरकवला, तिने दोन बटणं दाबली आणि मान हलवली.

“आहेत. पाठवतो,” काका म्हणाले.

“अजून काही सांगायचं का गाडीबद्दल?” त्या माणसाने विचारलं.

काकांनी पेन्सिल परत कानामागे लावली.

“नाही,” ते म्हणाले. “एवढंच पुरे.”

फोन ठेवून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून एक मिनिट झालं होतं.